मुरूम, खडी, डांबर

म्हसा मागे पडलं की रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली मी सायकल टेकवते आणि दोन्ही चाकांतली थोडी थोडी हवा सोडते. बदलापूरहून बारवी धरणावरून मुरबाड, मुरबाडहून म्हसा, इथवर डांबर. डांबराला हवा टणक लागते. पुढे कच्चा रस्ता, तिथे ती उतरवायची. पुढच्या चाकात ३२, मागच्यात ३५ पीएसआय पुरे होते. सुरुवातीला गेज लावून बघायचे. आता अंगठ्यानं टायर दाबला की कळतं, भाकरीचं पीठ मळताना कळतं तसं. तो सुस्स आवाज ऐकून समोरच्या टपरीतला माणूस दर खेपेला विचारतो, "ताई, पंक्चर?" नाही म्हटलं तर त्याला पटत नाही. चांगली भरलेली हवा कोण सोडून देतं?

समोर सह्याद्रीची भिंत उभी असते. डावीकडे लांबवर नाणेघाट आणि जीवधन, मग आहुप्याची खिंड, गोरखगड-मच्छिंद्रगडाची दोन बोटं, आणि उजवीकडे सिद्धगड. त्याच्या मागे, वर, भीमाशंकरचं रान. आपण उभे असतो ती जमीन समुद्रापासून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर उंच, आणि ती भिंत हजाराच्या आसपास. तिच्या पायाशी सागाचं, ऐनाचं जंगल आहे, भाताची खाचरं आहेत, आणि ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या, महादेव कोळ्यांच्या वाड्या. या वाड्यांना जोडणारे जे रस्ते आहेत, त्यांच्यासाठी मी दिवाळी ते माघअखेर दर दुसऱ्या रविवारी पहाटे साडेचारचा गजर लावते.

तीन वर्षांपूर्वी ही सायकल घेतली तेव्हा कल्याणला काकांकडे आजीला दाखवायला नेली होती. आजी पारनेर तालुक्यातली, आता नव्वदीला टेकलेली. दृष्टी अधू झालीय, कान शाबूत आहेत. चुलतभाऊ कौतुकानं सांगत होता, ही साधी सायकल नाही, ग्रॅव्हल बाइक आहे.

"म्हंजे काय?"

"ग्रॅव्हल म्हणजे खडी, आजी. खडीच्या रस्त्यावर चालवायची."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आन् किती मिळत्यात त्याचं?"

सगळे हसले. मीही हसले. तिचं म्हणणं मात्र अगदी सरळ होतं. तिच्या हिशेबात खडी म्हणजे मजुरी. १९७२ च्या दुष्काळात तिनं गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. मिलो ज्वारीची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी आणि संध्याकाळी ढिगाचं माप, एवढं तिला आजही लख्ख आठवतं. त्या दुष्काळी कामांमधूनच पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला, आणि अशा कामांच्या खर्चासाठी त्याआधीच, १९७५ मध्ये, व्यवसाय कर बसवला गेला. माझ्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ते हेच. पगाराच्या चिठ्ठीवरची ही ओळ मी वीस वर्षं बघत आलेय. तिचा आजीच्या हातोडीशी संबंध आहे हे मला पन्नास हजारांची सायकल घेतल्यावर कळलं.

ग्रॅव्हल हा शब्द आला अमेरिकेतून. तिथल्या कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांत शेतांना जोडणारे शेकडो मैल कच्चे रस्ते आहेत. त्यांवरून २०० मैलांची शर्यत २००६ पासून होते आहे. मग हे लोण युरोपात गेलं, आणि २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आपल्याकडे तो आला तो दुकानातून, किमतीच्या पट्टीसकट.

गंमत म्हणजे या सायकलीचं जे मुख्य भांडवल, चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर, ते आपल्याकडे कायमच होतं. लहानपणी आमच्याकडे येणाऱ्या दूधवाल्याची काळी सायकल आठवा. तिच्या टायरवर २८ x १½ असं उठवलेलं असायचं. तो टायर बरोबर चाळीस मिलिमीटरच रुंद. दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरच्या किटल्या लावून तो माणूस ज्या पाणंदीतून यायचा, तिथून आज मी हेल्मेट, हातमोजे आणि जेलची चड्डी घालून जाते. त्याला एकच गिअर होता. मला अकरा आहेत, आणि चढावर तरी मी उतरून ढकलते.

पण "ग्रॅव्हल" म्हटल्यानं माझं काही भागत नाही, कारण पायथ्याचा रस्ता हा एक प्रकार नाहीच. ग्रामपंचायतीचे निळे-पिवळे फलक वाचत गेलं की त्याची बाराखडी कळते. मातीकाम, मुरुमीकरण, खडीकरण, डांबरीकरण. अलीकडे काँक्रीटीकरण. प्रत्येक पायरीला वेगळा निधी, वेगळं वर्ष, वेगळा ठेकेदार. एखादा रस्ता एका पायरीवरून दुसरीवर जायला दहा वर्षंही घेतो. तेवढ्यात मागची पायरी पावसात वाहून गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

यातली सायकलला सगळ्यात गोड पायरी मुरमाची. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो वरून टणक दिसतो, पण ऊन-पाणी पीत तोही हळूहळू सुटतो, पिवळट-तपकिरी होतो, बोटांनी चुरडता येतो. तोच मुरूम. अंगणात पसरायचा, जोत्यात भरायचा, रस्त्यावर टाकायचा. त्यातल्या बारीक मातीनं तो पाणी पडलं की एकमेकाला धरतो आणि वाळला की सिमेंटसारखा बसतो. नवरात्र संपता संपता पाऊस मागे फिरला की पंधरा दिवसांत या रस्त्यांवर जी घडी बसते, तिला तोड नाही. चाकाखाली कुरकुर ऐकू येते पण हादरा बसत नाही. मार्गशीर्षापर्यंत ती टिकते. पौषात म्हशाची यात्रा भरते, बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी लांबलांबून गाड्या येतात, आणि आजूबाजूचे सगळे कच्चे रस्ते दळून निघतात. माघापासून फुफाटा. फाल्गुनात मी घरी बसते.

खडीकरण मात्र शत्रूलाही मिळू नये. अंड्याएवढे धारदार दगड पसरून ठेवायचे, वरून मुरूम आणि पाणी टाकून रोलर फिरवायचा, म्हणजे ते एकमेकांत अडकून बसतात, असं शास्त्र आहे. दोनशे वर्षांपूर्वी मॅकॲडम नावाच्या स्कॉटिश माणसानं ते बसवलं. मोठे धोंडे नकोत, बसून हातोडीनं फोडलेली सारख्या मापाची बारकी खडी हवी, हा त्याचा आग्रह होता. तेव्हा इंग्लंडातही रस्त्याकडेला बसून बायका-पोरं खडी फोडत. आपल्या पायथ्याला यातला पहिला अर्धा भाग होतो आणि रोलरच्या आधी आर्थिक वर्ष संपतं. मग ते दगड सुटेच राहतात. त्यांच्यावरून चालवताना दातांतलं चांदी भरलेलं वाजतं.

या रस्त्यांवर एक शब्द मला नव्यानं भेटला. चाकोरी. शाळेत निबंधात लिहायचो, चाकोरीबाहेरचं जगणं, चाकोरीबाहेरचा विचार. चाकोरी म्हणजे नेमकं काय, हे कधी कोणी दाखवलं नव्हतं. ती मला नारिवलीच्या पुढे दिसली, किंवा खरं तर तिनं मला पाडलं. बैलगाडीच्या आणि आता ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर दोन खोल रेघा पडलेल्या असतात, मध्ये गवताचा उंचवटा. पुढचं चाक चाकोरीत असताना आपण तिरकं बाहेर पडायला गेलो की काठ चाकाला धरतो आणि आपण आडवे होतो. बाहेर पडायचं तर वेग कमी करायचा, हँडल हलकं सोडायचं आणि काटकोनाच्या जवळपास जाऊन उडी घ्यायची. पडून गुडघा सोलवटून घेतल्यावर समजलं की चाकोरीत राहणारे लोक काही मूर्ख नसतात. तिथली माती दाबून घट्ट झालेली असते. पाणी साचलं तर तळ पक्का असतो. रात्री गाडीवान झोपला तरी बैल घर गाठतात ते तिच्याच भरवशावर. निबंधाला मिळालेले गुण परत करावेत की काय, असं वाटलं.

जंगल सुरू होतं तिथे रस्त्याचा आवाज बदलतो. माघात सागाची पानं गळून वाटेवर पडलेली असतात, एकेक पान पत्रावळीएवढं, आणि चाक गेलं की पापड मोडल्यासारखी वाजतात. साग बहुतेक वनखात्याचा. त्याच्यामधून ऐन डोकावतो, सुसरीच्या पाठीसारख्या सालीचा, मग हेद, किंजळ, मोह, कुठे पांढऱ्या खोडाचा कांडोळ. खाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसतात. ते राब. झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाला, शेण, माती असं थरावर थर रचून उन्हाळ्यात जाळतात आणि त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर भाताचं बी टाकतात. तिथून जाताना मांडीपर्यंत काजळी उडते.

माझी सगळ्यात लाडकी वाट कुठल्याच गावाला जात नाही. ती जाळरेषा आहे. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी वनखातं जंगलातून पट्टे साफ करून घेतं, गवत-पाला जाळून काढतं. आग येऊन त्या उघड्या पट्ट्यापाशी अडावी म्हणून. टेकडीच्या कडेनं वळणं घेत जाणारा असा एक पट्टा मला सॅटेलाइट नकाशावर पांढुरक्या दोऱ्यासारखा दिसला होता. गेले तर खाली बुटाएवढी राख आणि वर रानकोंबड्याचं ओरडणं. दीड किलोमीटरवर अभयारण्याच्या हद्दीची पाटी आली. भीमाशंकर अभयारण्य फक्त वरच्या देवळाभोवती आहे असं आपल्याला वाटतं, पण ते पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत उतरलेलं आहे. पाटीपाशी मागे वळले. शेकरू बघायला परवानगी काढून, चालत जावं.

याच रानात सिद्धगडाच्या पायथ्याशी भाई कोटवाल आणि हिराजी पाटील यांचं स्मारक आहे. माथेरानचे कोटवाल वकील होते. कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली होती, आणि बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभा करून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला पोलिसांनी त्यांना इथे गाठलं. मी स्मारकापाशी पाणी प्यायले, केळं खाल्लं. इथल्या आडवाटा त्यांच्या किती कामाच्या असतील, हे नकाशावर रेघ शोधत येणाऱ्या बाईच्या जरा उशिरा लक्षात आलं.

आता त्या टायरची गोष्ट.

गेल्या वर्षी डिसेंबरात, एका वाडीच्या अलीकडे, सुट्याच राहिलेल्या खडीत माझा मागचा टायर बाजूनं कापला गेला. वाडीचं नाव लिहीत नाही, पंचवीस-तीस घरांची आहे. या टायरात ट्यूब नसते, आत चीक घातलेला असतो; खालून काटा घुसला तर तो चीक ते भोक बुजवतो. हेंकळाचे काटे मी कितीदा पचवलेत. पण दगडानं कडेला दोन बोटं चीर पाडली तर चीक नुसता फवाऱ्यासारखा उडतो. ट्यूब होती जवळ. पण चिरेतून ती बाहेर फुगू नये म्हणून आतून काहीतरी जाड लावावं लागतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. ढकलत वाडीत गेले.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई वाल निवडत बसली होती. तिनं आधी पाणी दिलं, मग विचारलं, "एकटीच?" हा प्रश्न मला प्रत्येक वाडीत विचारतात. त्यात काळजी किती आणि कुतूहल किती, ते अजून वेगळं करता आलेलं नाही. टायर बघून ती आत गेली आणि ट्रकच्या ट्यूबचा काळा तुकडा घेऊन आली. नांगराला बांधायला ठेवला होता म्हणे. माझ्या हातातली कात्री घेऊन तिनंच तो मापात कापला.

चिकट हातांनी मी टायर चढवत होते, तेव्हा ती बोलत राहिली. ही खडी येऊन आठ महिने झाले. त्याआधी मुरूम होता तो बरा होता, निदान मोटरसायकल यायची. दोन पावसाळ्यांपूर्वी सासऱ्याला लकवा झाला तेव्हा चादरीची डोली करून चौघांनी मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. गाडी तिथे उभी होती. सासरे वाचले, डावा हात गेला.

मी म्हटलं, मुरूमच बरा, मलाही तोच आवडतो.

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमाला असलाच रस्ता पायजे?"

मला पुढे काही सुचलं नाही. ट्यूबमध्ये हवा भरत राहिले.

घरी येऊन मी वाचत बसले. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आली तेव्हा नियम असा होता की सपाट प्रदेशात ५०० लोकवस्तीच्या आणि डोंगरी, आदिवासी भागात २५० लोकवस्तीच्या वस्तीला बारमाही रस्ता. पंचवीस घरांची वाडी त्या चाळणीतून खाली पडते. वनजमीन मध्ये आली तर आणखी एक फाटा. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. चार मीटर रुंदी धरली तर एका हेक्टरात अडीच किलोमीटर रस्ता बसतो. वाडी तीन किलोमीटरवर असली तर? २०२३ मध्ये कातकऱ्यांसारख्या अतिअसुरक्षित जमातींसाठी ही अट १०० लोकवस्तीवर आणली. ती बाई ठाकर होती. ती जमात या यादीत नाही. तिच्या दारापर्यंतचा रस्ता असा एकेका आकड्यावर अडलेला आहे, आणि त्याच अडलेल्या रस्त्याचा फोटो मी "अनटच्ड" असं लिहून टाकला होता. तो काढला. शब्दही माझा नव्हता.

इटलीत टस्कनीमध्ये पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणून जानकार्लो ब्रोची यांनी १९९७ मध्ये गायोले इन किआन्ती या गावी जुन्या सायकलींची एक सहल सुरू केली. आज तिला हजारो लोक येतात, आणि ते रस्ते खरोखर जपले गेले. हे वाचताना पूर्वी मला भरून यायचं, आपल्याकडे असं कोणीतरी करावं असं वाटायचं. पण त्या रस्त्यांच्या टोकाला द्राक्षाचे मळे आहेत, आणि म्हाताऱ्या बापाला डोलीतून कोणी नेत नाही. सोयीसाठी दुसरा रस्ता असेल तर पहिला जपता येतो. आमच्या जाळरेषेवर कोणी डांबर टाकू नये, एवढंच मी मनापासून मागू शकते. वाडीच्या रस्त्याबद्दल माझं मत विचारू नये. मी पक्षपाती आहे.

यंदा नोव्हेंबरात पुन्हा तिकडे गेले. खडीवर डांबर पडलं होतं, पातळ, कडेला आताच भेगा गेलेलं, पण डांबर. मला वाईट वाटलं. हे खोटं लिहून उपयोग नाही, वाईटच वाटलं. चिंचेखाली सोडलेली हवा वाडीच्या अलीकडे पंपानं पुन्हा भरावी लागली. बाई घरी नव्हती, कापणीला गेली होती. सासरे ओट्यावर बसले होते, उजव्या हातानं बिडी ओढत. मी रस्त्याकडे बोट करून म्हटलं, "झाला की रस्ता, बाबा."

"झाला," ते म्हणाले. "एष्टी नाय आली अजून."

कापलेला टायर मी फेकला नव्हता. गॅलरीत टांगून ठेवला होता. गेल्या महिन्यात आजीला चार दिवस आमच्याकडे आणलं, तेव्हा उन्हाला बसवलं असताना तिच्या हाताला तो लागला. चाचपून बघत म्हणाली, हा चांगला जाड हाय की गं, का टाकलास? मी चीर दाखवली, तिचं बोट धरून. खडीनं कापला, आजी.

ती टायर मांडीवर घेऊन बसली. मग सांगायला लागली. खडी फोडताना दगड उडायचा, बोटावर हातोडी बसायची. दोन बायांची नखं गेली पहिल्याच आठवड्यात. मग कुणीतरी युक्ती काढली. सायकलचा जुना टायर आणायचा, त्याची पट्टी कापून वळवून कडं करायचं, मूठभर रुंद. दगड त्या कड्यात धरायचा आणि वरून घाव घालायचा. फुटलेली कपची कड्यातच राहते, बोट वाचतं. गावात दोन सायकली होत्या, एक मास्तरांची आणि एक पोस्टाची. मास्तरांनी आपला जुना टायर दिला. त्यात सात कडी झाली. तिला सातवं मिळालं होतं, जरा लहान, पण मिळालं.

"एवढ्या टायरात धा व्हतील," ती म्हणाली. "कात्रीनं नाय व्हायचं. इळा आण."

विळा घरात नव्हता. मी विळी आणून दिली.